अकबर साडेसहाला कुठे होता?

नववीच्या वर्गासमोर आम्ही फळ्यावर एक आलेख काढला. आडव्या अक्षावर वेळ, पाचपासून आठपर्यंत. उभ्या अक्षावर चाल, ताशी किलोमीटरमध्ये. एक रेषा सरळ आडवी, २८ वर. दुसरी पायऱ्यापायऱ्यांची : पहिला तासभर ३६ वर, मग अर्धा तास एकदम खाली १२ वर आणि त्यानंतर उडी मारून ५६ वर. "आडवी रेषा अँथनीची, पायऱ्यांची अकबरची. दोघेही पाच वाजता एकाच ठिकाणाहून एकाच रस्त्याने निघाले. अकबर पुढे गेला. मागे राहिलेल्या अँथनीने त्याला कधी गाठले?"

बहुतेक हात वर आले आणि बहुतेक उत्तरे एकच होती : सहा वाजता. कारण विचारले, तर तेही एकच. सहा वाजता रेषा एकमेकींना छेदतात ना!

हे उत्तर चूक आहे, आणि थोडेथोडके चूक नाही. सहा वाजेपर्यंतच्या प्रवासात अकबर अँथनीच्या सर्वांत जास्त पुढे असतो तो नेमका सहा वाजताच, तब्बल ८ किलोमीटर. मुलांनी ज्या क्षणी दोघांची गाठ घालून दिली, त्या क्षणी ते एकमेकांपासून सर्वांत दूर होते.

हे उदाहरण आमच्या पदरचे नाही. २०१७ साली आलेल्या बालभारतीच्या नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, 'गतीचे नियम' यात, अमर, अकबर आणि अँथनी यांच्या मोटारींची एक सारणी आहे. पाच ते आठ या वेळात दर अर्ध्या तासाला कोणी एकूण किती अंतर कापले ते तिच्यात दिले आहे. अमर दर अर्ध्या तासाला २० किमी जातो, अँथनी १४ किमी. अकबरचे आकडे मात्र ०, १८, ३६, ४२, ७०, ९५, १२० असे आहेत. एकसमान गती कोणती आणि नैकसमान कोणती, हे ओळखण्यासाठी पुस्तकाने ही सारणी दिली आणि तेवढे ओळखून झाल्यावर ती सोडून दिली. आमच्या मते त्या प्रकरणातले सर्वांत चांगले गणित तेथेच, न मांडता, पडून राहिले आहे.

आपण ते मांडून पाहू. दर अर्ध्या तासात अकबरने तोडलेल्या अंतराची दुप्पट केली की त्याची त्या अर्ध्या तासातली सरासरी चाल मिळते : ३६, ३६, १२, ५६, ५०, ५०. अँथनी सतत २८. आता दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा आणि त्यांच्या मधल्या जागेकडे पाहा. पहिल्या तासात अकबरची रेषा ८ ने वर आहे. मधली पट्टी ८ उंच आणि १ तास रुंद, म्हणजे ८ किमी. ही त्याची आघाडी. पुढच्या अर्ध्या तासात त्याची रेषा १६ ने खाली जाते. पट्टी १६ उंच, अर्धा तास रुंद, म्हणजे पुन्हा ८ किमी. जेवढे कमावले तेवढेच गमावले. म्हणून गाठ पडते ती साडेसहाला, निघाल्या ठिकाणापासून ४२ किमीवर. सारणीत पाहिले तर साडेसहासमोर दोघांचेही आकडे ४२ च आहेत. लगेच अकबर ५६ ने सुटतो, त्यामुळे अँथनीला ही बरोबरी क्षणभरच लाभते. हाच हिशेब अमरशी केला तर तो आठ वाजता फिटतो. अमरची रेषा ४० वर आहे, साडेसहापर्यंत अकबर १८ किमी मागे पडतो आणि पुढच्या दीड तासात तेवढेच १८ भरून काढतो. वाचकांनी पट्ट्या मोजून खात्री करून घ्यावी.

येथे आमच्या वर्गात जे झाले ते सांगण्याजोगे आहे. सोलापूरहून ४०-४५ किमी म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर तुळजापूरचा रस्ता येतो. "सर, ३६ ते ४२ मध्ये घाट लागला असणार," एकाने सांगितले. दुसऱ्याने लगेच अडवले, "मग अमरला घाट का नाही लागला? तो तर त्याच रस्त्याने ४० नेच गेला." त्यावर बराच वेळ वाद झाला. पंक्चर, चहा, रेल्वेचे फाटक. आलेखाच्या तासाला मुले गाडीविषयी बोलत होती, हे आम्हांला त्या दिवशी प्रथमच दिसले. एरवी ती अक्षरांविषयी बोलतात : कोणता बिंदू ए, कोणता बी, कोणता लंब कोठे टाकायचा.

पुस्तकाला श्रेय द्यायचे तेथे दिलेच पाहिजे. एकसमान वेगाच्या आलेखासाठी त्याने ताशी ६० किमीने ५ तास धावणारी रेल्वे घेतली आहे आणि विचारले आहे की दोन ते चार तासांच्या दरम्यान गाडीने कापलेले अंतर आणि आलेखातल्या एका चौकोनाचे क्षेत्रफळ यांचा काही संबंध आहे काय. हा प्रश्न फार चांगला आहे. उत्तर आधी सांगून टाकण्याचा मोह आवरून तो विचारला आहे, याचे आम्हांला कौतुक वाटते. पण प्रश्न जेथे खोल व्हायला हवा तेथे पुस्तक घाई करते. दोन ओळींत पुढचा आलेख येतो, त्यापुढे त्याच आकृतीतून गतीची तिन्ही समीकरणे काढून दाखवली जातात आणि एकदा समीकरणे हाती आली की आलेखाचे काम संपते. सोडवलेली उदाहरणे समीकरणांनी सुटतात, स्वाध्यायही समीकरणांनीच. गच्चीवर चढून गेल्यावर शिडी काढून घ्यावी तसा हा प्रकार आहे.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. समीकरणे आणि आलेख यांत जास्त समर्थ कोण? तिन्ही समीकरणे फक्त एकसमान त्वरणाला, म्हणजे आलेखातल्या सरळ रेषेला लागू पडतात. रेषा वाकली की ती निरुपयोगी. रेषेखालचे क्षेत्रफळ मात्र रेषा कशीही असो, अंतरच देते. अकबरच्या पायऱ्यांना देते, रिक्षाच्या वेड्यावाकड्या रेषेलाही देते. आपण मुलांना जास्त समर्थ साधन दाखवतो, त्याच्याकडून कमी समर्थ साधन बनवून घेतो आणि पहिले फेकून देतो.

आता चौकोनाच्या क्षेत्रफळाकडे वळू. कागदावरच्या चौकोनाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये असते. मग त्यातून किलोमीटर कसे निघतात? हा प्रश्न मुलांच्या मनात येतो आणि बहुतेक वेळा मनातच राहतो. त्याला उत्तर आहे आणि ते अवघड नाही : आधी एका चौकडीची किंमत ठरवा. रेल्वेच्या आलेखात एक चौकडी आडवी १ तास आणि उभी ताशी १० किमी असेल, तर ती चौकडी १० किमीची. दोन ते चार तासांच्या मध्ये अशा बारा चौकड्या येतात, म्हणून १२० किमी. 'लांबी गुणिले रुंदी' हे सूत्र त्यानंतर. आधी मोजणी, मग सूत्र.

सोलापुरात हे समजावणे इतर गावांपेक्षा सोपे जावे. जकार्ड मागावर चादर विणायची तर तिची नक्षी आधी चौकडीच्या कागदावर काढावी लागते, त्यावरून कार्डांना भोके पाडली जातात. आता हे काम संगणकावर होऊ लागले असले तरी चौकडी तीच आहे. त्या कागदावर एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा धागा. ताणा आणि बाणा यांची दाटी सारखी नसेल तर चौकडीही उभी-आडवी सारखी आखून चालत नाही, नाही तर कागदावरचा मोर कापडावर बसका किंवा लांबुडका होतो. ज्यांच्या घरी माग चालतो अशी मुले आमच्या शाळांतून पुष्कळ आहेत. 'चौकडीला दोन बाजूंची दोन वेगळी मापे असतात आणि ती कागदावर नव्हे, कापडावर मोजायची असतात' हे त्यांना सांगावे लागत नाही. आलेखात उभे माप चालीचे, आडवे वेळेचे, आणि चौकडीची किंमत रस्त्यावर मोजायची. वर्गात आम्ही प्रथमच ही तुलना केली तेव्हा एका मुलीने, जिचे वडील मागावर काम करतात, शेजारच्या तीन मुलांना ती आमच्यापेक्षा कमी शब्दांत समजावून दिली.

या चौकड्यांबाबत आमच्या हातून घडलेली एक चूक येथे कबूल करायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी चाचणीत आम्ही एकसमान त्वरणाचा आलेख देऊन दहाव्या ते विसाव्या सेकंदांतले अंतर विचारले होते. उत्तर २४० मीटर. एका विद्यार्थिनीने रेषेखालच्या चौकड्या मोजल्या, अर्ध्या कापलेल्या चौकड्यांच्या जोड्या लावल्या आणि २३८ मीटर लिहिले. आम्ही तिला पाचापैकी एक गुण दिला. सूत्र नाही, अक्षरे नाहीत, उत्तरही 'चूक'. आज वाटते की त्या संपूर्ण वर्गात आलेख कशासाठी असतो हे कळलेली ती एकटीच असावी. सूत्र वापरून २४० लिहिणाऱ्यांना आम्ही रेषा जराशी वाकवून दिली असती तर ते हात जोडून बसले असते, आणि ती मोजत राहिली असती.

तो २४० चा आकडा अर्थात पुस्तकातल्याच उदाहरणाचा. एक मोटार दर ५ सेकंदांना ८ मीटर प्रतिसेकंदाने चाल वाढवते. सारणी ० सेकंदाला ० पासून सुरू होते आणि ३५ सेकंदांना ५६ मीटर प्रतिसेकंदावर संपते. त्वरण १.६ मी/से². आकडे सुबक आहेत, आलेख सरळ येतो. पण ५६ ला ३.६ ने गुणून पाहा : ताशी २०१.६ किमी! ही मोटार अर्ध्या मिनिटाहून थोड्या जास्त वेळात ताशी दोनशेच्या पुढे गेली आणि तोवर तिने ९८० मीटर, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर, रस्ता खाल्ला. सोलापुरात असा एक किलोमीटर कोठे सापडेल याचा शोध मुलांवर सोपवायला हरकत नाही. आमची तक्रार आकडा अशक्य असल्याची नाही, तशा मोटारी जगात आहेत. तक्रार ही की पुस्तकानेही आणि आपणही ३.६ ने गुणून पाहिले नाही. मीटर प्रतिसेकंदातला आकडा आपल्याला काहीच सांगत नाही म्हणून तो आपल्या डोळ्यांआड होतो. उत्तर आल्यावर 'ही गाडी रस्त्यावर कशी दिसेल?' एवढे विचारण्याची सवय लागली, तर भौतिकशास्त्रातल्या निम्म्या चुका उत्तरपत्रिकेत पोहोचण्याआधीच सापडतील.

याच उदाहरणात पुस्तक अंतर काढण्यासाठी सरासरी वेगाचा आधार घेते. दहाव्या सेकंदाला १६, विसाव्याला ३२, सरासरी २४, गुणिले १० सेकंद, म्हणून २४० मीटर. आणि मग सांगते की चौकोनाचे क्षेत्रफळही तेवढेच येते. काम बरोबर आहे, पण क्रम उलटा आहे असे आम्हांला वाटते. पहिल्या आणि शेवटच्या वेगाची बेरीज करून निम्मी केली की सरासरी मिळते, हे फक्त रेषा सरळ असताना खरे. मुलांच्या डोक्यात मात्र ते कायमचे सूत्र म्हणून बसते. ते किती घट्ट बसते हे पाहण्यासाठी आम्ही सात रस्त्याजवळ एका रिक्षात दोन मुलांना बसवले. एकाने घड्याळ पाहायचे, दुसऱ्याने चालीचा काटा पाहून दर ५ सेकंदांना आकडा लिहायचा. उभ्या रिक्षापासून पुन्हा उभ्या रिक्षापर्यंत ४५ सेकंदांत आलेले आकडे, ताशी किलोमीटरमध्ये, असे : ०, १२, २२, २७, ३०, ३०, ३०, २४, ९, ०.

मुलांना अंतर विचारले. एका गटाने अगदी विश्वासाने सूत्र लावले. पहिली चाल ०, शेवटची ०, सरासरी ०, म्हणून अंतर शून्य. वर्ग हसला, पण त्या गटाने काही नियमबाह्य केले नव्हते. आम्ही शिकवले तेच केले होते.

दुसऱ्या गटाने ५-५ सेकंदांच्या उभ्या पट्ट्या पाडल्या. प्रत्येक पट्टी हा एक समलंब चौकोन. त्याचे क्षेत्रफळ मुलांना आठवीच्या गणितापासून ठाऊक असते. बेरीज ९२० आली आणि त्यांनी '९२० मीटर' असे लिहून टाकले. ताशी किलोमीटरला सेकंदांनी गुणल्यावर मीटर मिळत नाहीत. एका चौकडीची किंमत न ठरवल्याचा हा परिणाम. ९२० ला ३.६ ने भागल्यावर सुमारे २५६ मीटर आले. पडताळ्यासाठी तेवढ्याच रस्त्यावरून एक सायकल हाताने ढकलत नेली आणि चाकाचे फेरे मोजले. चाकाचा परीघ २.२ मीटर, फेरे ११८, म्हणजे सुमारे २६० मीटर. फरक चार मीटरांचा. तो का आला यावर मुलांनी जे सांगितले ते आम्ही लिहून ठेवले आहे. रिक्षा वेग घेताना आलेख वरच्या बाजूला फुगतो आणि आपण त्याला सरळ तुकड्यांनी कापतो, त्यामुळे थोडे क्षेत्रफळ बाहेर राहते. काटा थोडा जास्त दाखवत असेल तर चूक उलट बाजूला होईल. आणि रस्त्यातला खड्डा चुकवताना सायकल काही सरळ गेली नव्हती.

याच आकड्यांतून त्वरण काढले तेव्हा आणखी एक गोष्ट हाती आली. पहिल्या ५ सेकंदांत त्वरण ०.६७ मी/से², पुढच्या पाचांत ०.५६, मग ०.२८, मग ०.१७. रेषा हळूहळू आडवी होत जाते. सर्वांत मोठा बदल वेग घेताना नव्हे, ब्रेक लावताना : २४ वरून ९ वर येताना ०.८३, अर्थात उणे. आलेखात कोठे सर्वांत जास्त चढ किंवा उतार आहे हे बोट ठेवून दाखवा, म्हटल्यावर मुलांनी आकडेमोड न करता बरोबर जागा दाखवली. आकडेमोड नंतर झाली. त्वरण म्हणजे रेषेचा तिरपेपणा, हे बोटाला कळले की सूत्र तोंडाला आपोआप येते. अडचण एवढीच की 'रेषेचा चढ' ही कल्पना गणिताच्या पुस्तकात दहावीला, निर्देशक भूमितीत येते आणि विज्ञानाला तिची गरज नववीच्या पहिल्याच प्रकरणात पडते. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच खोलीत बसून डबा खातात. त्यांनी हा प्रश्न पोळीभाजीबरोबरच मिटवायला हवा.

तिरपेपणाची बाब आली म्हणून एक इशारा. चढत जाणारा चाल-काल आलेख पाहून 'गाडी घाट चढते आहे' असे सांगणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. आपल्याला ती आळशी वाटतात. पण ही चूक सोलापूरची नाही आणि शाळेचीही नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या अशाच चुका नोंदवून प्रसिद्ध केल्या. आलेखाला चित्र समजणे, उंची आणि चढ यांची गल्लत करणे, क्षेत्रफळाचा अर्थ न लागणे. १९९४ मध्ये रॉबर्ट बाइकनर यांनी या चुका तपासण्यासाठी एक चाचणीच तयार केली. 'रेषा छेदल्या म्हणजे गाठ पडली' ही आमच्या वर्गातली चूकही याच जातीची. अंतर-काल आलेखात ते खरे असते, आणि मूल तो नियम दुसऱ्या आलेखात घेऊन जाते. मूल विचार करत नाही असे नाही. एका खोलीची किल्ली ते दुसऱ्या खोलीला लावून पाहत असते.

क्षेत्रफळातून अंतर काढणे ही युक्ती किती जुनी असावी? इतिहासाच्या पुस्तकांत चौदाव्या शतकातले पॅरिसचे निकोल ओरेम यांचे नाव येते. त्यांनी वाढत्या वेगाचा त्रिकोण काढून अंतर दाखवले, आणि पुढे १६३८ साली गॅलिलिओच्या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूंसाठी हाच विचार आला. पण २०१६ साली मॅथ्यू ओसेनड्राइव्हर या अभ्यासकाने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधल्या बॅबिलोनच्या मातीच्या विटा वाचून एक चकित करणारी गोष्ट दाखवून दिली. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळात तेथील ज्योतिषी गुरू ग्रहाची वाटचाल समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाने काढत होते. गुरू पहाटे प्रथम दिसू लागतो तेव्हा त्याची रोजची चाल १२ कला, साठ दिवसांनी साडेनऊ कला. सरासरी पावणेअकरा, गुणिले ६०, म्हणजे ६४५ कला किंवा १० अंश ४५ कला. आकृती कागदावर नव्हती, आलेख नव्हता, पण गणितात 'समलंब' होता. त्यांनी आणखी एक प्रश्न सोडवला होता : यातले निम्मे अंतर कितव्या दिवशी पूर्ण होईल? म्हणजे चौकोनाचे क्षेत्रफळ दोन सारख्या भागांत कसे कापायचे? हा प्रश्न नववीच्या स्वाध्यायात जसाच्या तसा घालता येईल, आणि तिसाव्या दिवशी असे उत्तर देणाऱ्याला गुण मिळू नयेत. सुरुवातीला चाल जास्त असल्याने निम्मे अंतर तिसाव्या दिवसाच्या आधीच संपते.

सरासरी चालीविषयी एक शब्द लिहायचा राहिला. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. १३ मार्च २०२३ रोजी सुरेखा यादव यांनी ती सोलापूरहून मुंबईला नेली, तेव्हा मुलींच्या शाळांतून या गाडीची बरीच चर्चा झाली होती. अंतर सुमारे ४५५ किमी, सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात वेळ सुमारे साडेसहा तास. सरासरी ताशी ७० किमी. मुलांना हा आकडा निराशाजनक वाटतो. एवढी झकपक गाडी आणि ७०? पण ७० या चालीने ती किती वेळ धावली असेल? कदाचित काही क्षणच, वेग घेताना आणि सोडताना. कुर्डुवाडीला थांबणे, पुण्यात शिरताना मंदावणे, बोरघाट उतरताना जपून जाणे, आणि मोकळ्या रुळावर खूप पुढे निघून जाणे, अशी ती डोंगरदऱ्यांची रेषा आहे. त्या साऱ्या डोंगरांची माती दऱ्यांत लोटून जमीन सपाट केली, तर जी उंची येईल ती ७०. सरासरी चाल म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाचा आयत, एवढे आलेखावर दाखवले की 'सरासरी' हा शब्द बेरीज-भागाकारातून सुटतो. पुस्तकातली ताशी ६० ची रेल्वे ५ तास न थांबता ३०० किमी जाते. सोलापूरहून सोडली तर ती दौंड, पुणे ही स्टेशने न थांबता ओलांडून लोणावळ्याच्या वाटेला लागली असती. अशी गाडी रेल्वेने आजवर काढलेली नाही, पण वंदे भारतच्या आलेखाशेजारी तो आयत काढायला ती उपयोगी आहे.

रेल्वेच्या इंजिनात चालीची नोंद ठेवणारे यंत्र असते. पूर्वी ती नोंद कागदी पट्टीवर उमटे, आता ती इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठते. ही नोंद तपासणारा माणूस नववीचेच आलेखवाचन करतो : मर्यादा कोठे ओलांडली, ब्रेक कोठे आणि किती जोरात लागला. आमच्या लहानपणी मात्र हे यंत्र कानात असे. रूळ १३ मीटरचे, प्रत्येक सांध्यावर चाकाचा खट् आवाज. ४७ सेकंदांत जेवढे खट् ऐकू येतील तेवढी ताशी किलोमीटर चाल, कारण १३ ला ३.६ ने गुणले की जवळजवळ ४७ येतात. मोहोळपासून माढ्यापर्यंत आम्ही हे मोजत गेल्याचे आठवते. आता रूळ जोडून लांब केलेले असतात, आवाज गेला. मुलांनी खिडकीतून किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पाहावे.

अकबरकडे परत येऊ. फळ्यावरच्या आलेखात त्याची चाल सहा वाजता ३६ वरून १२ वर येते आणि तेथे आम्ही उभी रेषा काढली होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उभी रेषा म्हणजे वेळ न लागता वेग बदलला. मग त्वरण किती?" शून्याने भागाकार आला. "म्हणजे अकबर भिंतीला धडकला!" हशा पिकला. ती पायरी खरी नाही, हे आम्हांलाच आधी सांगायला हवे होते. सारणीत फक्त अर्ध्या तासाचे अंतर आहे, ६ किमी, आणि सपाट पायरी ही आमची सोय होती. मग आम्ही मुलांना सांगितले की सहा ते साडेसहाचा खरा वाटेल असा आलेख काढा. सहाला तो ३६ च्या आसपास असावा, साडेसहाला ५६ कडे जात असावा, आणि मधल्या क्षेत्रफळाची किंमत ६ किमीच यायला हवी. एकाने गाडी घाटात रेंगाळत ठेवली. एकीने ती वीस मिनिटे सरळ उभी केली, फाटक बंद म्हणून, आणि मग उरलेल्या दहा मिनिटांत ६ किमी बसवताना तिला चढ आणि उतार तीनदा खोडून काढावे लागले. एकाने चहासाठी थांबवून परत येताना चुकीच्या दिशेलाही थोडे नेले आणि रेषा अक्षाच्या खाली गेल्यावर ते क्षेत्रफळ मिळवायचे की वजा करायचे, असे विचारत आमच्या टेबलाशी आला. चाल म्हणायची की वेग, अंतर हवे की विस्थापन, हे त्याला पुस्तकाच्या पहिल्या पानावरून पाठ होते. त्या दिवशी ते त्याला प्रथमच लागले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळ्यावर अकबरचे अकरा वेगवेगळे अर्धे तास होते आणि प्रत्येकाखाली कोणीतरी चौकड्या मोजत होते.